तेगानुमा तळं आणि ज्युदोचे कानो मास्तर (मोठा धागा आहे, सवडीनं वाचा)

तालीमवाला_बेळगाव

नमस्कार मंडळी. आपल्या भागातली जी पोरं-पोरी ज्युदोला जातात त्यांना कानो जिगोरो हे नाव माहीत असतं, ज्युदो काढलेला माणूस म्हणून. बरोबरच आहे. पण तेवढंच सांगून सोडून दिलं तर त्या माणसाचा अर्धा भाग बाहेरच राहतो असं माझं ठाम मत आहे, कारण या कानो मास्तरांचं एका तळ्याशी नातं होतं आणि त्या तळ्याची गोष्ट बेळगाव, खानापूर, निपाणी कुठल्याही माणसाच्या काळजाला लागावी अशी आहे. म्हणून हा धागा.

तळ्याचं नाव तेगानुमा. टोकियोच्या ईशान्येला चिबा प्रांतात, आबिको आणि काशिवा ही गावं, आता शहरंच झालीत, त्याच्या काठाला. मुळात हे तळं नव्हतंच. हजार वर्षांमागं तिथं समुद्राची मोठी खाडी आत घुसलेली होती, कातोरी समुद्र म्हणतात तिला, आणि तेगानुमा हा त्याच खाडीचा एक फाटा. मग 1590च्या दशकापासून 1654 पर्यंत तोकुगावांच्या राजवटीत तोने नदीची दिशाच फिरवली. आधी ही नदी आत्ताच्या टोकियोच्या खाडीला मिळायची, ती थोडी थोडी करत पूर्वेला पॅसिफिककडं नेली. नदीबरोबर गाळ आला, तो खाडीच्या तोंडाशी साचत गेला, आत अडकलेलं पाणी गोडं झालं आणि तळं तयार झालं. पण उथळ. आणि तोनेला पूर आला की पाणी उलटं तळ्यात शिरायचं, काठचं भात बुडायचं.

मग सुरू झाला तळं बुजवून शेत करायचा खेळ. शेतकऱ्याला जमीन पाहिजे, राज्याला सारा पाहिजे. 1720च्या दशकात शोगुन (म्हणजे तेव्हाचा जपानचा लष्करी राज्यकर्ता) योशिमुनेच्या काळात तळ्यातनं आडवा लांबलचक बांध घातला, थोड्याच वर्षांत पुरानं फोडला. 1780च्या दशकात तानुमा ओकित्सुगु नावाच्या कारभाऱ्यानं शेजारच्या इनबानुमा तळ्यासकट परत काम काढलं, 1786च्या महापुरात ते पण गेलं. दरवेळी पाणी आपली जागा परत घेत होतं.

काठच्या लोकांचं पोट मासे, ईल (सापासारखा लांब मासा) आणि हिवाळ्यातल्या बदकांवर. रात्री जाळी उभी करायची, पाण्यावर चिकट दोर सोडायचे, त्याला बदकं अडकायची, पहाटे गोळा करून बाजारात. 1896 ला आबिकोला रेल्वे आली आणि टोकियोची शिकलेली माणसं तळं बघायला येऊ लागली. त्यातच 1911 ला कानो आले आणि तेन्जिन्यामा नावाच्या टेकाडावर, खाली तळं दिसेल असं घर केलं. पुढचं लिहितो, तोवर कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

खानापूर_लोकल

वाचूलालोय. थांबू नका.

पैलवान_कांग्राळी

तळ्याचं ठीक हाय अण्णा, पण आधी त्या माणसाचं सांगा की. आमच्या तालमीत लहानपणापासनं ऐकूलालोय की ज्युदो म्हणजे आपलीच कुस्ती, कपडे घालून केलेली. वस्ताद लोक तर म्हणतात की त्यात नवीन काय न्हाई. हे खरं काय?

तालीमवाला_बेळगाव

पैलवान, चांगलं विचारलात.

कानो जन्मले 1860 ला, आत्ताच्या कोबे शहरातल्या मिकागे गावी. घराणं दारू गाळणारं, म्हणजे तांदळाची साके, त्या गावाचा धंदाच तो. आई लहानपणी गेली, वडील टोकियोला घेऊन आले. अंगानं एकदम बारका पोरगा, अभ्यासात पुढं, त्यामुळं शाळेत दांडगी पोरं धरून बडवायची. तेव्हाच ठरवलं की जुजुत्सु, म्हणजे सामुराईंची जुनी झुंजायची विद्या, शिकायची. पण काळ असा की 1868 नंतर सामुराई लोकांचं सगळं मोडलेलं, जुन्या विद्येला कुणी विचारीना. मग या पोरानं काय केलं, हाडं बसवणाऱ्या लोकांकडं चौकशी केली, कारण जुजुत्सुचे जुने गुरू पोटासाठी हाडवैद्याचं काम करायचे. आपल्याकडं पण हात निखळला की वस्तादाकडंच नेतात की नाही. असं करत 1877 ला फुकुदा हाचिनोसुके हे गुरू मिळाले.

फुकुदांकडची एक गोष्ट कानोंनीच सांगितलेली आहे. गुरूनं एक डाव टाकला, यानं विचारलं हात कुठं ठेवायचा, पाय कसा. गुरूनं उत्तर न देता परत आपटलं. परत विचारलं, परत आपटलं. करत राहिलास की कळेल, एवढंच म्हणणं. कानो तिथं शिकले, पण आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांना उलटं केलं, प्रत्येक डाव का चालतो ते फोडून सांगितलं. समोरच्याचा तोल आधी मोडायचा, मग उचलायचा, हे सूत्र त्यांनी नीट मांडलं.

आता तुमच्या कुस्तीचं. त्याच तालमीत एक फुकुशिमा नावाचा आडदांड गडी होता, कानोंना तो हलायचाच नाही. मग हे ग्रंथालयात गेले, सुमोची पुस्तकं बघितली, पाश्चात्य कुस्तीची बघितली, आणि त्यातनं एक डाव काढला. वाकून आत शिरायचं, एक हात त्याच्या मांडीत घालायचा, गडी आडवा खांद्यावर घ्यायचा आणि पलीकडं टाकायचा. फुकुशिमा उताणा. ज्युदोत त्याला काता-गुरुमा म्हणतात. पैलवान, हा डाव कुठला ते तुम्हीच सांगा.

पैलवान_कांग्राळी

कलाजंग!! अंगावर काटा आला अण्णा. आमच्या यात्रेच्या मैदानात कलाजंगवर कुस्ती निकाली झाली की हलगीवाला सुद्धा थांबत न्हाई. आणि त्यांचा तो पाठीवरनं टाकायचा डाव मी टीव्हीवर बघितलाय, तो आपला धोबीपछाडच की.

पण मग एक सांगा, जुजुत्सुत तर हात मोडायचे, मारायचे पण डाव असतात म्हणं, ते यांनी काढून टाकले, म्हणजे विद्या पातळ केली असं कोण म्हणालं तर?

तालीमवाला_बेळगाव

म्हणणारे तेव्हापण होते. पण काढून टाकले असं नाही. जे धोक्याचे डाव ते ठरवून दिलेल्या जोडीच्या सरावात ठेवले, त्याला काता म्हणतात. आणि जे पूर्ण ताकदीनं टाकले तरी समोरचा सुखरूप उठेल ते खुल्या झुंजीला ठेवले. त्यामुळं झालं काय, त्यांची पोरं रोज पूर्ण जोर लावून लढू शकत होती. तालमीतला माणूस असाल तर लगेच समजेल, रोज खरी लढत करणाऱ्याच्या पुढं नुसते डाव घोकलेला टिकत नाही.

कोदोकान ही त्यांची तालीम 1882 ला सुरू झाली, टोकियोतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात, जागा फक्त 12 चटयांची. पोरं आपटायला लागली की देवळाच्या फळ्या मोडायच्या आणि कानो स्वतः फळ्यांखाली शिरून दुरुस्त करायचे. वय तेव्हा बाविशीच्या आत. नुकतेच टोकियो विद्यापीठातनं बाहेर पडलेले, मास्तरकी करत होते.

आणि हे मास्तर शब्दशः मास्तर, म्हणून मी धाग्याला तसं नाव दिलंय. 1891 ला कुमामोतोच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल, मग टोकियोत शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल, मधले खंड सोडले तर 1920 पर्यंत. चीनमधनं शिकायला आलेल्या पोरांसाठी वेगळी शाळा काढली, लू शुन सारखा लेखक तिथं शिकून गेला. 1909 ला ऑलिंपिक समितीवर गेले, आशियातला पहिला माणूस. पांढरपेशा शिक्षणातला माणूस आणि अंगाला माती लावणारा माणूस एकच, हे मला फार मोठं वाटतं, आपल्याकडं ही दोन्ही माणसं एकमेकांच्या दारात पण जात नाहीत.

टिळकवाडी_रनर

मास्तर, ऑलिंपिकचा विषय निघाला म्हणून. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले माहीत असतील, 1920 ला अँटवर्पला मॅरेथॉन पळाले, 19वे आले. त्याच शर्यतीत 16वा आला जपानचा कानाकुरी शिझो, कानोंच्या त्याच टोकियोच्या कॉलेजचा विद्यार्थी. दोघांत दोनेक मिनिटांचा फरक. आणि कानो स्वतः त्या ऑलिंपिकला हजर होते. म्हणजे आपल्या गावचा पोरगा आणि कानोंचा पोरगा एकाच रस्त्यावर पळाले. हे मी पहिल्यांदा जुळवून बघितलं तेव्हा दिवसभर डोक्यातनं जाईना.

तालीमवाला_बेळगाव

व्वा रनरभाऊ, लाखमोलाची भर घातली. चौगुल्यांचं नाव नव्या पोरांना माहीत नाही याचं वाईट वाटतं. कानाकुरी आधी 1912 ला स्टॉकहोमला पण गेला होता, जपानची पहिलीच टीम, दोनच खेळाडू, आणि टीम घेऊन गेलेले कानो.

आई_ज्युदोवालीची

माझी मुलगी सातवीत आहे आणि ज्युदोला जाते. घरात पहिल्यांदा सगळ्यांनी नाकं मुरडली, मुलीच्या जातीला हे कशाला म्हणून. आता सासूबाईच तिचा पांढरा ड्रेस नीळ घालून धुतात. तर मला विचारायचं होतं की कानो सरांच्या काळात मुलींना शिकवायचे का? की हे सगळं नंतर आलं?

तालीमवाला_बेळगाव

ताई, शिकवायचे. 1890च्या दशकातच त्यांनी स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली होती आणि 1926 ला कोदोकानमध्ये स्त्रियांचा वेगळा विभागच उघडला. त्यातल्या एकीचं नाव मुलीला नक्की सांगा, फुकुदा केइको. वर ज्या पहिल्या गुरूंचं लिहिलं ना, फुकुदा हाचिनोसुके, त्यांची ही नात. गुरूच्या उपकाराची आठवण ठेवून कानोंनी तिला स्वतः बोलावलं, 1935 ला ती शिकायला लागली. उंची पाच फुटाच्या आत. पुढं अमेरिकेत जाऊन जन्मभर शिकवलं, आणि 2011 ला अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं तिला दहावा दान, म्हणजे ज्युदोतली दहावी पायरी, दिली, तेव्हा वय 98. त्या पायरीवर पोचलेली जगातली पहिली बाई.

आई_ज्युदोवालीची

98!! आत्ताच लेकीला वाचून दाखवलं. धन्यवाद मास्तर.

तालीमवाला_बेळगाव

आता तळ्याकडं परत.

1911 ला कानो आबिकोला आले ते नुसतं हवापालट म्हणून नाही. तिथं एक शाळा काढायची त्यांच्या मनात होतं, त्यासाठी वेगळी मोठी जमीन घेतली, शाळा झाली नाही मग तिथं शेतमळा केला. घरासमोरच्या वाटेपलीकडं एक बंगला होता, आवारात तीन मोठे वृक्ष, कानोंनी त्या तिघांना बुद्धी, धन आणि दीर्घायुष्य अशी नावं दिली. 1914 ला त्या बंगल्यात त्यांचा भाचा राहायला आला, यानागी सोएत्सु, बायको कानेको गाणारी. भाच्याच्या मागोमाग त्याचे लेखक मित्र, शिगा नाओया, मुशानोकोजी सानेआत्सु, तळ्याकाठी घरं करून राहिले. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यानं यानागीच्या आवारात भट्टी लावली. आणि 1914 लाच एक पाहुणा कोरियाची साधी चिनी मातीची भांडी भेट म्हणून घेऊन आला, ती हातात घेऊन बघता बघता यानागीला साध्या कारागिरानं केलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचं वेड लागलं, आणि त्यातनं पुढं जपानची सगळी लोककलेची चळवळ उभी राहिली. मामानं तळ्याकाठी घर केलं नसतं तर भाचा तिकडं गेला असता का, असं मला राहून राहून वाटतं.

आणि आता माझ्या मते मुख्य गोष्ट. 1920च्या दशकात तळं बुजवून शेती करायची योजना परत डोकं वर काढायला लागली. तेव्हा कानो, पत्रकार सुगिमुरा सोजिन्कान आणि इतिहासाचे प्राध्यापक मुराकावा केन्गो हे तिघं काठावर राहणारे लोक पुढं झाले, तळं वाचवायला मंडळ काढलं. हे पर्यावरण वगैरे बोलायची पद्धत नव्हती तेव्हाचं आहे. कानोंनी ज्युदोची दोन तत्त्वं सांगितली, ताकद योग्य जागी लावायची आणि आपलं-दुसऱ्याचं दोघांचं भलं बघायचं. साठी उलटलेला हा माणूस ती तत्त्वं चटईवर ठेवून घरी गेला नाही, तळ्यासाठी उभा राहिला. म्हणून मी म्हणतो की तळं सोडून कानो सांगता येत नाहीत.

शिवारातला_शहापूर

मास्तर, सगळं मनापासून वाचलो. पण आता मी जरा आडवा येतो, राग मानू नका.

आमचं शिवार बळ्ळारी नाल्याच्या काठाला. नट्टी, म्हणजे भाताची रोपं, लावून झाली की आठ दिवसांत नाला फुगतो आणि रोपं पाण्याखाली जातात, पाणी उतरलं की बघायचं किती जगलं किती कुजलं, दुबार लावायला रोप पण मिळत नाही. बेळगाव बासमतीचं नाव सगळे घेतात, पिकवणाऱ्याच्या पायाला काय चिकटतं ते कोण बघत नाही. तर माझा प्रश्न असा की, तळ्याकाठच्या टेकाडावर बंगले बांधलेल्या प्रोफेसर-पत्रकार लोकांना तळं सुंदर दिसत होतं, ठीक. पण ज्याचं भात दर दोन-चार वर्षाला तोनेच्या उलट्या पाण्यात जात होतं त्यानं बांध मागितला, कोरडी जमीन मागितली, तर तो चुकला का? ती योजना शेतकऱ्याच्याच भल्याची होती ना? दोघांचं भलं म्हणताय तर त्यात शेतकरी कुठं बसतो?

खानापूर_लोकल

+१. शिवारातला दादांचा मुद्दा रास्त आहे.

तालीमवाला_बेळगाव

राग कसला. हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच पाहिजे होता.

शेतकरी चुकला नाही. आणि शेवटी झालं पण त्याच्याच मागणीसारखं. कानो 1938 ला गेले, कैरोची ऑलिंपिक समितीची बैठक आटपून परत येताना हिकावा मारू जहाजावर, 4 मे ला, योकोहामाला पोचायच्या दोनच दिवस आधी. मग महायुद्ध. युद्ध हरल्यावर जपानात खायला अन्न नाही, परदेशातनं लाखो माणसं परत आलेली, तेव्हा 1946 ला सरकारनं तेगानुमा बुजवायचं काम हातात घेतलं आणि 1968 पर्यंत पुरं केलं. तळं आक्रसून जवळपास निम्मं झालं, आज साडेसहा चौरस किमी उरलंय, बाकी भातशेती. पंप बसले, पूर पण आवरला. भुकेल्या देशाला तांदूळ मिळाला, ह्याला मी वाईट म्हणणार नाही.

माझं दुखणं पुढचं आहे. भातशेती झाली त्याच्याच पाठोपाठ आजूबाजूच्या माळावर टोकियोला नोकरीला जाणाऱ्यांच्या कॉलन्या झाल्या. आणि तळ्याला बुजवणाऱ्यांनी मारलं नाही तेवढं त्या नंतरच्या सांडपाण्यानं मारलं. पाणीवाले इंजिनिअर साहेब इथं असतात, त्यांनी यातलं तांत्रिक सांगावं.

पाणी_इंजिनिअर

आहे आहे, वाचतोय सकाळपासून. सांडपाण्याच्या कामातच आयुष्य गेलं त्यामुळं तेगानुमा आमच्या लोकांना चांगलं माहीत.

आधी तळ्याचा आकार समजून घ्या. सरासरी खोली एक मीटरच्या आत, 86 सेंटिमीटर. म्हणजे तळं कसलं, परात आहे. ऊन थेट तळापर्यंत पोचतं, उन्हाळ्यात पाणी पटकन तापतं, आणि जोराचा वारा सुटला की तळाचा गाळ ढवळून वर. अशा पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस गेलं की शेवाळाला मेजवानीच. काशिवाच्या बाजूनं ओहोरी आणि ओत्सु या दोन छोट्या नद्या तळ्याला मिळतात. 1950च्या दशकाच्या शेवटापासून कॉलन्या वाढल्या पण ड्रेनेज लाइन मागंच राहिली, त्यामुळं मोरीचं, धुण्याचं पाणी नद्यांतनं सरळ तळ्यात. आधी पोरं जिथं पोहायची तिथं उन्हाळ्यात हिरवी जाड साय धरायला लागली, कुजली की वास.

पाण्यातल्या घाणीचं एक माप असतं, सीओडी, जितकं जास्त तितकं पाणी वाईट. या तळ्याला ठरवलेली मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम, आणि 1979 चं वर्षाचं सरासरी माप आलं 28. 1974 पासून 2000 पर्यंत सलग 27 वर्षं तेगानुमा जपानमधलं सगळ्यात घाण तळं ठरलं. पहिला नंबर कुणी हलवूच शकलं नाही.

मग उपाय. एक, ड्रेनेजचं जाळं, हेच खरं औषध, पण दिसत नाही म्हणून त्याचं कौतुक कुणी करत नाही. दोन, तळातला गाळ उपसणं. तीन, उत्तर-चिबा कालवा, 28.5 किमी, तोने नदीचं पाणी एदो नदीपर्यंत नेणारा, बराचसा जमिनीखालून. तो 2000 ला पुरा झाला. त्यातनं तळ्याच्या वरच्या टोकाला सेकंदाला 10 हजार लिटरपर्यंत नदीचं पाणी सोडता येतं, पूर्ण क्षमतेनं सोडलं तर आठवड्याभरात अख्ख्या तळ्याइतकं पाणी आत येईल. 2001 ला तळं पहिल्या नंबरावरनं उतरलं.

शिवारातला_शहापूर

म्हणजे स्वच्छ पाणी ओतून घाण पुढं ढकलली. खालच्या अंगाला राहणाऱ्यानं काय करायचं साहेब? आम्ही खालच्या अंगालाच राहतो म्हणून विचारूलालोय.

पाणी_इंजिनिअर

बरोबर बोट ठेवलंत. नुसतं पाणी ओतलं असतं तर तसंच म्हणावं लागलं असतं, आणि तिथं पण ही टीका झाली. पण साचलेलं पाणी वाहतं झालं की शेवाळाला वाढायला वेळच मिळत नाही, म्हणजे काही घाण तयारच होत नाही, हा त्यातला फरक. आणि घराघरातनं येणारी घाण कमी केल्याशिवाय कालव्याचा उपयोग नाही हे तिथल्या लोकांना पक्कं माहीत होतं. तो पूर पण बघा, तोच कालवा पावसाळ्यात खालच्या भागाचं पाणी तोनेत उपसून टाकायचं काम पण करतो. आपल्या नाल्यासाठी असं दुहेरी काम करणारं काहीतरी पाहिजे, नुसता गाळ काढून फोटो काढला की पुढच्या पावसाला परत तेच.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात भारी वाटते. 1980च्या दशकात तिथल्या बायकांनी तळणीचं उरलेलं तेल घरोघर गोळा करून त्याचा साबण करायची चळवळ चालवली. दोन कामं एकदम, तेल मोरीत जात नाही, आणि फॉस्फरसवाल्या पावडरीऐवजी साधा साबण वापरात येतो. स्वतःचा कारखानाच काढला त्यांनी.

आई_ज्युदोवालीची

हे मात्र आम्हाला करण्यासारखं आहे. दिवाळीत चकली-करंजी-शंकरपाळी झाली की प्रत्येक घरात कढईभर काळं तेल उरतं आणि ते आम्ही मोरीतच ओततो, वरनं गरम पाणी, की पाईप चोक होऊ नये. ते पुढं नाल्याला जातं आणि शिवारातला दादांच्या रोपावर बसतं हे डोक्यातच येत नाही. आमच्या भिशीत चौदा-पंधरा घरं आहेत, यावेळी डबे ठेवते. साबण कसा करायचा ते इंजिनिअर साहेब जरा नीट सांगा, कॉस्टिक वापरायला भीती वाटते.

पाणी_इंजिनिअर

भीती वाटलीच पाहिजे ताई. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधी ओतायचं नाही, भसकन उडतं. हातमोजे, चष्मा, अंगणात किंवा गच्चीवर, पोरं लांब. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, स्टील किंवा जाड प्लास्टिक. तेल आधी फडक्यातनं गाळून घ्या. सोडा किती ते तेलाच्या वजनावर ठरतं, अंदाजपंचे नको, वजनकाटा पाहिजे. वड्या पाडल्या की चार-सहा आठवडे वाळवायच्या. अंगाला नको, कपड्याला-फरशीला वापरा. पहिल्या वेळी मी येतो, सांगा कधी ते.

टिळकवाडी_रनर

आता तळं कसं आहे मग? पोहतात का?

पाणी_इंजिनिअर

आता तिथं ट्रायथलॉन होते, माणसं तळ्यात उतरून पोहतात. पण सगळं छान झालं असं सांगणार नाही. सीओडी खूप उतरलं तरी 5 च्या मर्यादेत अजून आलेलं नाही. दक्षिण अमेरिकेतनं आलेली एक पाणवेल काठानं सुसाट पसरली आहे, तुकडा तुटला की त्यातनं नवीन वेल, भाताच्या पाटात पण शिरते. जलपर्णीनं आपली तळी कशी झाकून जातात ते बघितलेल्याला जास्त सांगायला नको. आणि 2011 च्या फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघातानंतर वाऱ्यापावसानं तिकडं पण किरणोत्सर्ग पडला, तळ्यातले काही मासे विकायला बंदी आली. ज्या तळ्याच्या ईलवर गावं जगली तिथं हे. चांगलं काय तर पक्षी. पक्ष्यांवर संशोधन करणारी यामाशिना संस्था 1984 ला आबिकोला आली, 1990 ला गावानं पक्ष्यांचं म्युझियम काढलं. जिथं जाळी लावून बदकं धरायचे तिथं आता दुर्बिणी घेऊन लोक बसतात.

तालीमवाला_बेळगाव

आणि कानोंच्या घराच्या जागेवर आता बाग आहे, 2020 ला तिथं त्यांचा पुतळा बसवला.

शिवारातला दादा, तुमच्या प्रश्नाला मी पूर्ण उत्तर दिलं नाही हे मला जाणवतंय म्हणून लिहितो. तळं वाचवणारे आणि बांध मागणारे, दोघांना एकमेकांसमोर उभं केलं की तिसराच सुटतो, जो काठावर येऊन मोरी सोडतो. तेगानुमाला शेतकऱ्यानं घाण केलं नाही, बंगलेवाल्यांनीही नाही. आपल्या नाल्याचं पण तसंच, बुडतो शिवारवाला आणि सोडतो शहरवाला. मी शहरात राहतो, माझ्या घरची मोरी पण तिकडंच जाते. त्यामुळं नाल्याच्या बैठकीला शिवारातली माणसं एकटी बसतात ते बरं नाही, पुढच्या बैठकीला मी येणार, तालमीतली पोरं पण घेऊन.

शिवारातला_शहापूर

या. नुसतं बैठकीला नको, पाऊस लागल्यावर शिवारात या, बांधावरनं दाखवतो पाणी कुठनं चढतं ते. पैलवान पोरं आली तर बांधाची माती टाकायला पण हात लागतील.

पैलवान_कांग्राळी

येतो की. माती टाकणं हा आमचा रोजचाच व्यायाम, हौदातली माती उकरूनच मेहनत चालते आमची.

ताई, तुमच्या लेकीच्या क्लासला एकदा येऊ काय? कलाजंग आणि त्यांचा तो काता-गुरुमा शेजारी शेजारी लावून बघायचा हाय मला. आमचा गडी लंगोटावर असतो, धरायला कापड न्हाई, त्यामुळं आम्ही मनगट आणि मांडी धरतो, ते बाही धरतात. आत शिरायचा पाय कुठं पडतो तो फरक बघितल्याशिवाय चैन पडणार न्हाई.

आई_ज्युदोवालीची

या ना दादा, त्यांच्या कोचना विचारून ठेवते. रविवारी सकाळी सात ते नऊ असतो क्लास. मुलगी आत्तापासूनच विचारायला लागली आहे की तिला उचलून दाखवणार का ती तुम्हाला उचलणार.

पैलवान_कांग्राळी

तिनंच उचलायचं. मी 92 किलो हाय, आधी तोल मोडायला शिकून ये म्हणावं.